पदर खोचण्याचा नियम

अकोल्याला कापसातली सरकी काढायच्या एका कारखान्यात मी यंत्रांना तेल घालायचो. चार इयत्ता शिकलेला, म्हणून युनियनवाल्यांनी मलाच चिटणीस केलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. आमचे अर्ज नागपूरला जात आणि बहुधा तिथेच मुक्काम ठोकत. तरी मला त्या पदाचा भारी तोरा होता.

मागणी एकच होती. सरकी काढणाऱ्या रेच्यांची रांग ज्या चामडी पट्ट्यांवर फिरे, ते उघडे होते आणि बाया त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून कापूस पुरवत. पट्ट्यांपुढे लोखंडी जाळी लावा, एवढंच आमचं म्हणणं. मॅनेजर गोड माणूस. त्याने मला खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाला, "ऐन हंगामात काम बंद कसं ठेवू? जाळी पुढच्या दिवाळीआधी लावतो. तोवर बायांनी पदर कमरेला घट्ट खोचावा, असा नियम करू. तुम्हीही सही करा." खुर्चीवर बसल्याबरोबर माझी अक्कल गहाण पडली. मी सही केली. वर बायांना जमवून, आपण काय मिळवलं यावर भाषणही ठोकलं.

बायांनी पदर खोचले. एकीचं मात्र अवघड होतं. बाळापूरकडून नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि आमच्या पाळीचा मुकादम तिचा सख्खा सासरा. त्याच्यासमोर उघड्या डोक्याने बसणं तिला जमेना. तो रांगेत आला की ती खोचलेला पदर सोडून डोक्यावर घ्यायची, तो पुढे गेला की पुन्हा खोचायची. दिवसातून वीसदा तरी. मला ते दिसत होतं. मी थट्टाही केली, "वैनी, नियम हाय ना!"

"मामाजी येऊन रायले ना भाऊ," ती लाजून म्हणाली.

मुकादमाशी बोलायला हवं होतं. पण सुनेच्या पदराबद्दल सासऱ्याला परक्या पुरुषाने काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो.

एका दुपारी तो आला, तिने पदर सोडला आणि पट्ट्याने तो ओढून घेतला. सोडवायला तिने उजवा हात घातला. पुढचं मला लिहवत नाही. हात कोपरापासून गेला.

आठवड्याने अमरावतीहून तपासणीला साहेब आले. मॅनेजरने नियमाचा कागद पुढे ठेवला, खाली माझी सही. "युनियननेच मान्य केलंय," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी जाळीचं सांगू लागलो, तर साहेब म्हणाले, "मग सही कशाला केलीत?" मग त्यांनी मुकादमाला विचारलं.

"पदर तिनंच सोडला साहेब," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "सून चुकली."

मला त्याचा संताप आला. पण तो खोटं बोलत नव्हता. साहेबांनी लिहिलं, बाईचा निष्काळजीपणा. तासाभरात काम सुरू झालं. त्या उघड्या पट्ट्यांशेजारी बसून तेल मीच घातलं.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला गेलो. तीच आधी म्हणाली, "जाळी लावली का भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात दारात मुकादम आला. सवयीने तिचा उजवा खांदा उचलला गेला, पट्टी बांधलेला थोटा हात डोक्याकडे वळला आणि पदर होता तिथेच राहिला. तिने पुन्हा करून पाहिलं. मुकादम उंबऱ्यातच थांबला.

"राहू दे पोरी," तो म्हणाला. "माह्यासमोर नको घेऊ."

एवढंच मला त्याच्याकडून कारखान्यात वदवून घ्यायला हवं होतं. ती मात्र ऐकेना. डाव्या हाताने पदर शोधत राहिली.