थॉर्नवेल टाउनचे भाऊजी

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, तुम्ही नुसतं "काय, कसं काय?" विचारलंत तरी उत्तरादाखल एका इंग्लिश फुटबॉल क्लबाचा इतिहास ऐकावा लागायचा. क्लब मोठा असता तर एक वेळ समजलं असतं. ज्यांचे शर्ट घालून आपली पोरं मॉलमध्ये हिंडतात, त्यांतला हा नव्हे. थॉर्नवेल टाउन! ऐकलंय नाव? नसणारच. चौथ्या विभागात तळाशी लोळणारा, जन्मात काही न जिंकलेला क्लब. आणि त्याचा अभिमान वाहणारा हा माणूस राहायचा कुठे, तर मिनेसोटात, ईडन प्रेरीला.

लग्नाआधी भाऊजी यंत्रांच्या एका कारखान्यात ट्रेनिंगसाठी त्या थॉर्नवेलला दोन वर्षं होते. घरमालक त्यांना एका शनिवारी मैदानावर घेऊन गेला आणि कुडकुडणाऱ्या या पुणेकराच्या हातात त्याने एक कढत पेला दिला. भाऊजींनी कोरा चहा समजून तो घटाघटा संपवला. मग कळलं की तो गोमांसाचा अर्क होता. दुसरा कुणी असता तर आठवडाभर जेवला नसता. पण त्या दिवशी थॉर्नवेल जिंकलं, त्यामुळे भाऊजींनी पेला शुभ ठरवून टाकला. लग्नानंतर त्याला शाकाहारी तोडगा निघाला. इंग्लंडातल्या दुपारच्या मॅचा मिनेसोटात सकाळी नऊला लागतात. दर शनिवारी नऊच्या ठोक्याला ताईने आमसुलाचं कढत सार कागदी पेल्यात घालून बेसमेंटमध्ये नेऊन द्यायचं. संघ हरला की, "आज साराला मीठ जास्त होतं गं." आणि संघ तर सदानकदा हरायचा!

इतिहास मला इतका पाठ झालाय की झोपेत म्हणून दाखवीन. मोजे विणणाऱ्या गिरणीतल्या कामगारांनी क्लब काढला. मैदान कालव्याच्या काठी, त्यामुळे चेंडू पाण्यात पडायचा आणि तो काढायला होडीत एक माणूस बसवलेला असायचा. एकदा वादळात प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं आणि शेजारच्या बेकरीवर पडलं. क्लबाचं दिवाळं निघालं, तेव्हा गावाने वर्गणीसाठी बादल्या फिरवून तो वाचवला. आणि मग तो महान विजय! कपच्या मॅचमध्ये चिखलात लोळून त्यांनी पहिल्या विभागातल्या कुठल्याशा बड्या संघाला हरवलं. हे सांगताना भाऊजींचा आवाज चढायचा. "आम्ही दहाच जण उरलो होतो, सुधा! गोलकीपरचा हात मोडलेला! तरी आम्ही हटलो नाही!"

"भाऊजी, तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता," मी म्हणायची.

"इतिहासात असं बघायचं नसतं," ते म्हणायचे. त्यांची मुलगी नेहा तर तोंडावर सांगायची, "बाबा, लिटरली नोबडी केअर्स." तिलाही ते शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगायला घ्यायचे.

एका वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणा भल्या माणसाने त्यांना चिकाटीवर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी तेव्हा ताईकडे गेले होते. भाऊजी गिरणीपासून सुरू झाले. छप्पर उडेपर्यंत लहान मुलं रडायला लागली होती. आरती खोळंबली, मोदक गार झाले, अध्यक्षीणबाई घड्याळाकडे बोट दाखवून थकल्या. ताई पहिल्या रांगेत बसून पदराशी चाळा करत होती. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि या गृहस्थाने होडीसकट आत जावं. परतताना गाडीत ते म्हणतात कसे, "लोक अगदी रंगले होते, नाही?" ताई म्हणाली, "हो." ती नेहमी हो म्हणायची. माझा सगळा राग तिथेच आहे.

कारण ताईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तिला माझ्याजवळ, पश्चिम किनाऱ्यावरच्या उबदार फ्रीमाँटला राहायला यायचं होतं. तिचे गुडघे पार गेले होते. मिनेसोटात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ती घरात कोंडलेली. दारातल्या बर्फावरून गाडीपर्यंत जायचं म्हटलं तरी तिला कुणाचा तरी हात धरावा लागायचा. भाऊजी रिटायर झाले, नेहाही नोकरीसाठी इकडे आली, मग अडलं होतं कुठे? दर फेब्रुवारीत ताई माझ्याकडे यायची आणि मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. "सुधा, इथे मला दुखतच नाही बघ," म्हणायची. बॅग मात्र जायच्या दिवसापर्यंत भरायला घ्यायची नाही.

मग माझ्याच गल्लीमागे एक टाउनहाउस विकायला निघालं. एकमजली, जिन्याची भानगड नाही. ताईने ते तीनदा पाहिलं. देवघर कुठे, कुकर कुठे, सगळं मनात मांडून झालं. भाऊजींना फोन लावला, तर म्हणाले, "तिकडे घड्याळ दोन तास मागे, मॅच सातला लागते. शनिवारचं मारुतीचं सगळं करून, आंघोळ-पूजा आटपून सातला बसायचं म्हणजे पाचला उठायला हवं. या वयात?"

मला वाटलं थट्टा करताहेत. छे! मी फोन हिसकावून घेतला. "भाऊजी, मॅच नंतर बघा की. रेकॉर्ड करा."

"शिळी मॅच?" ते म्हणाले. उष्टं खा म्हटल्यासारखा सूर. आणि मग बाहेर निघाला इतिहास. थॉर्नवेलने कालव्याकाठचं जुनं मैदान विकलं, गावाबाहेर नवं, झकपक बांधलं, आणि तेव्हापासून जी घसरगुंडी लागली ती लागलीच. "आपली जागा सोडली की माणूस संपतो, सुधा. क्लबाचा इतिहास हेच सांगतो." लोक पंचांग बघतात, हे गृहस्थ चौथ्या विभागाचा तक्ता बघायचे. मी म्हटलं, "ताईच्या गुडघ्यांबद्दल क्लबाचा इतिहास काय म्हणतो?" तर हसले. विनोद केला असं वाटलं त्यांना.

नेहाने भांडून पाहिलं. "बाबा, मॉम कॅनॉट वॉक! तुम्ही एका लूझर टीमसाठी मूव्ह कॅन्सल केलं?" त्यावर तिला बादल्या फिरवल्याची गोष्ट ऐकावी लागली. टाउनहाउस दुसऱ्या कुणी घेतलं. ताई मला म्हणाली, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी बघू. त्यांचं दुसरं आहे तरी काय?" मी म्हटलं, "तू आहेस की!"

पुढच्या जानेवारीत ताई दारातच बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती काही पुन्हा उभी राहिली नाही. न्यूमोनिया झाला आणि मार्च उजाडता उजाडता गेली. खोटं कशाला बोलू, भाऊजींनी तिचं सगळं केलं. भरवलं, पाय चेपले, रात्र रात्र बसले. मी विमानाने पोचले तेव्हा ते तिच्या उशाशी बसून तिला तो चिखलातला विजय सांगत होते, आणि ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकत होती की नुसती पडली होती, देव जाणे. मला तेव्हाही चीड आली. आजही येते. बाई मरायला टेकलीय आणि तुमचा गोलकीपर अजून हात मोडून उभाच!

तेराव्यानंतर नेहाने बापाला विचारलं, "बाबा, आता?" मला वाटलं, आता जागा सोडण्याचा इतिहास पुन्हा निघणार. काही नाही. उन्हाळ्यात घर विकलं आणि फ्रीमाँटला आले. नेहाच्या घराजवळ, माझ्यापासून चार पावलांवर, एकमजली जागा भाड्याने घेतली. एवढं सोपं होतं ते!

सीझन सुरू झाल्यावर एका शनिवारी सकाळी मी पोह्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. एकटा माणूस, खाल्लं नसेल असं मनात आलं. दार उघडलं तर भाऊजी न्हाऊनमाखून, कपाळाला गंध लावून टीव्हीसमोर बसलेले. उदबत्तीचा वास येत होता. मॅच नुकतीच सुरू झाली होती. मी विचारलं, "पाचला उठलात?"

"साडेचारलाच जाग येते गं," ते खुशीत म्हणाले. "आणि खरं सांगू? सातची वेळ फार सोयीची आहे. नऊला सगळं आटपतं, मग अख्खा दिवस आपला. मला उगाच वाटत होतं जड जाईल म्हणून."

मी म्हटलं, "आणि जागा सोडली की माणूस संपतो, त्याचं काय झालं?"

"अगं, ते क्लबाचं. माणसाचं तसं नसतं," ते म्हणाले.

"हे ताईला सांगायचं होतंत, भाऊजी."

"हो ना," ते म्हणाले. क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता कळलं यांना, आता हा माणूस कोसळणार. आणि तेवढ्यात थॉर्नवेलवर गोल झाला. "अरेरे!" म्हणून ते वळले ते वळलेच.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि दार ओढून घेतलं. नेहाने नंतर सांगितलं, त्या दिवशी थॉर्नवेल चार गोलांनी हरलं. मला फार बरं वाटलं.