मांगरातलं माहेर

आईला माहेरी न्यायचं तर सगळं आधी वहीत लिहूनच, असं मी ठरवलं. टाळेबंदी सैल झाली होती, पण रोग गेला नव्हता, आणि आईला जुना दमा. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. ते गेले हृदयविकाराने, पण नेमके अशा दिवसांत, की मिठबावहून मामा-मामींनाही येता आलं नाही. तेव्हापासून आई मालवणात माझ्या घरी होती आणि दिवसाआड एकच विचारायची, मिठबावला कधी जायचं. तिला समुद्र बघायचा नव्हता, तो आमच्या गच्चीवरूनही दिसतो. नवरा गेल्यावरही माहेरचे आपल्याला पहिल्यासारखं घरात घेतात का, एवढंच तिला बघायचं होतं. ती तसं बोलली नाही, पण मला कळत होतं. कळत असूनही मी यादीत पहिलं नाव लिहिलं ते सॅनिटायझरचं.

मी शाळेत शिकवते. वेळापत्रक केल्याशिवाय हिला शिंकही येत नाही, असं नवरा म्हणतो. चार दिवस घरात उतरायचं नाही, मामांच्या आंब्याच्या बागेतल्या मांगरात राहायचं. मांगर म्हणजे राखणीसाठी बांधलेली एक खोली, वर कौलं, पुढे चूल. तांदूळ, डाळ, भांडी आपली आपण न्यायची. मामा-मामींशी बोलायचं ते घरापुढच्या खळ्यात, दोन बाकांमध्ये सहा फूट अंतर ठेवून. वाटेत आचऱ्याला चहालाही थांबायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर पाणीसुद्धा फुंकत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यां सोवळां तू खंय शिकलंस गो?"

मामींना फोनवर हे सांगताना माझी जीभ अडखळत होती. माहेरवाशिणीला बागेत ठेवा, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी सगळं मान्य केलं. अगदी बाकांसकट. केवढ्या समजूतदार, असं मी फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हटलं.

आंब्याला मोहर आला होता. आई रोज सकाळी इस्त्रीचं पातळ नेसून खळ्यातल्या बाकावर जाऊन बसायची. मामा समोर बसून बागेच्या गोष्टी काढायचे, जुन्या आठवणींवर दोघं हसायची. मामी मात्र दारातून बोलायच्या आणि काम आठवल्यासारख्या आत जायच्या. आईला देवघर बघायचं होतं. लग्नाआधी रोजची पूजा तीच करायची. तिसऱ्या दिवशी मलाच माझ्या नियमांचा कंटाळा आला. मास्क लावून दोन मिनिटं आत जाऊन आली तर काय बिघडतं, असं मी म्हटलं. मामी म्हणाल्या की नको, नियम म्हणजे नियम, वन्संच्या दम्याची काळजी आपण नाही घ्यायची तर कोणी? शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. मी शहाणी नव्हते, मला वाटलं मामी माझ्याहून काटेकोर आहेत.

निघायच्या दिवशी मी गाडीत सामान भरत होते. मामी घरातून तबक घेऊन आल्या आणि खळं ओलांडून थेट माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मास्क हनुवटीवर. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, ओढणीत तांदूळ, खण आणि नारळ घातला, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. इतक्या जवळ त्या चार दिवसांत कोणाच्याच आल्या नव्हत्या. मीही ओढणी पसरून उभी राहिले, अंतर काही आठवलं नाही. आई माझ्या शेजारीच होती. कुंकवाचा करंडा उघडला तशी ती आपणहून गाडीच्या मागे गेली आणि आधीच भरलेली पिशवी पुन्हा भरू लागली.

मामी तिच्याकडे वळल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "वन्सं, तुमका लांबसूनच नमस्कार करतंय. दिवस वायट आसत."

आई हसली. तिनेही हात जोडले. मामा बागेकडे बघत राहिले.

मला तेव्हा बोलता आलं असतं. ओटी परत देता आली असती, निदान विचारता आलं असतं की मला शिवलं तर रोग होत नाही का. वर्गातल्या पन्नास मुलांना गप्प करणारी मी, मांजरासारखी गाडीत जाऊन बसले. मला मामींचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझी लाज वाटत होती. चार दिवस त्यांना आईला लांब ठेवायचं होतं आणि त्याची सगळी आखणी मी आयती करून दिली होती.

आचरा मागे पडला. मग मी माफी मागायला सुरुवात केली, ती आईने ऐकून घेतली नाही. तुझे नियम बरे होते, त्यामुळे वहिनीला तोंडाने काही बोलावं लागलं नाही आणि मलाही ऐकावं लागलं नाही, असं ती म्हणाली. खिडकीची काच तिने थोडी वर घेतली.

"पण पुढच्या खेपेक ह्यो रोग नसतलो," ती म्हणाली. "तेवा ती काय सांगतली?"

रोग गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मामा दर वर्षी मे महिन्यात बोलावतात. आई म्हणते, गुडघे दुखतात.