टाकीमामांच्या पोटातला फ्लोट

टाकीमामांना सगळी गल्ली मामा म्हणायची, एक मेहुणा सोडून. तो ‘भावजी’ म्हणायचा, आणि त्यातही मामांना टोमणा ऐकू यायचा.

दोघांचा धंदा एकच, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा. मेहुणा वर उभा राहून बादल्या ओढायचा. मामा कपाळाला दिवा बांधून टाकीच्या तोंडातून आत उतरायचे आणि भिंती घासायचे. आत उतरतो तो कारागीर, वर थांबतो तो मदतनीस, हा या धंद्यातला न लिहिलेला कायदा. त्यामुळे नेहमीच्या इमारतीने नव्या टाक्या बसवल्या आणि त्यांची तोंडं चार बोटं लहान निघाली, तेव्हा मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

“भावजी, मी उतरतो की,” मेहुणा म्हणाला. तो सुतळीसारखा बारीक. “तुम्ही वरून बादली धरा.”

मामांनी त्याच दिवशी जेवण निम्मं केलं. मग निम्म्याचं निम्मं. काकडी, पातळ सूप आणि वर तांब्याभर पाणी. पँट दोरीने बांधायची वेळ आली तेव्हा ते नव्या टाकीत सुळकन उतरले आणि आतून म्हणाले, “सोड बादली, मदतनीस.”

पण वजन जसजसं उतरलं तसतशी भूक चढत गेली. पूर्वी मामांना जेवायला हाका माराव्या लागत. आता टाकीत बसल्या बसल्या, कोणत्या मजल्यावर कांदा परततायत ते त्यांना वासावरून कळायचं. एकदा हातातल्या पिवळ्या स्पंजकडे ते बराच वेळ बघत बसले.

“भावजी,” वरून आवाज आला, “चावू नका. तो घासायचा आहे.”

आणि मग तो दिवस उजाडला. टाकी रिकामी, पाइप रिकामे, खाली घराघरांत नळ उघडे. मामांच्या पोटात कावळे ओरडले ते टाकीत घुमले, पाइपातून उतरले आणि थेट चेअरमनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या नळातून बाहेर पडले. बाईंनी पंपवाल्याला बोलावलं. त्याने सगळा पंप खोलला, काही सापडलं नाही म्हणून पुन्हा जोडला, आणि जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.

“पंपाचा दोष नाही हो बाई,” मेहुण्याने मोठ्या आनंदाने सांगितलं. “भावजींचं पोट आहे ते.”

बाई हसल्या नाहीत. “उपाशी माणूस आत चक्कर येऊन पडला तर मी काय करू? पुढच्या वेळी पोट वाजलं, तर आत हे उतरतील.” त्यांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

संध्याकाळी मामा तडक भाचीकडे गेले. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हार्मोनच्या तपासण्या करायची.

“माझं पोट फितूर झालंय,” मामा म्हणाले.

“फितूर नाही, घाबरलंय. मामा, चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं. साठा किती आहे, हे ते मेंदूला कळवत राहतं. तुम्ही चरबी उतरवली, लेप्टिन घटलं. मेंदूला वाटलं, दुष्काळ आला. त्यात रिकाम्या जठरातलं घ्रेलिन वाढलं. त्याचं कामच ‘खा, खा’ म्हणून ओरडायचं. आणि शरीर खर्चालाही हात आखडता घेतं, ते वेगळंच.”

मामांचे डोळे चमकले. “म्हणजे टाकीतला फ्लोट! पाणी उतरलं की खाली झुकतो आणि नळ उघडतो.”

“अगदी तसंच.”

“मग सोपं आहे. फ्लोट दोरीने वर बांधून ठेवायचा. आम्ही नेहमी बांधतो.”

“चरबीत दोरी कुठे बांधणार?”

मामांनी नकळत पँटची दोरी चाचपली. “पाणी पितो ना तांब्यातांब्याने.”

“पाण्याने जठर घटकाभर फसतं, लेप्टिन नाही फसत. वजन उतरल्यावर ही भूक वर्षभर, कदाचित जास्तच, मुक्कामाला राहते. उपाशी राहून तिला हाकलता येत नाही. अंडी खा, उकडलेले बटाटे खा, सावकाश चावून खा. आणि टाकीत उतरायच्या आधी तर नक्की जेवा.”

“जेवून उतरलो आणि टाकीच्या तोंडात अडकलो म्हणजे?”

“मामा, एक जेवण कंबरेपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.”

पुढच्या धुण्याच्या दिवशी मामा दोन अंडी, तीन बटाटे आणि जाड ब्रेड खाऊन गच्चीवर आले. मेहुण्याने कमरेला दोर गुंडाळून आणला होता, अडकलेले भावजी ओढून काढायला. मामांनी श्वास रोखला, डोळे मिटले, आणि सुळकन आत गेले. मेहुणा दोराकडे बघत राहिला.

खाली चेअरमनबाई नळाला कान लावून बसल्या होत्या. बराच वेळ नुसता ब्रशचा खरखराट. मग पाइपातून एक लांबलचक, तृप्त ढेकर उतरला आणि ओट्यावरची भांडी किंचित किणकिणली.

बाईंनी नळ बंद केला आणि जिन्यातून वर हाक दिली, “जेवलेत ते. त्यांनाच घासू द्या.”