डावा पीळ

"मीटरवर साठ येत होतं, दादा! तुझ्यासमोर मोजलं होतं मी!"

"उभ्या गाडीत साठ कुणीही दाखवेल. पीळ कुठे गेला? वीतभर तारा सरळ केल्यास, वेणी सोडावी तशा. का, तर दिसायला नीट दिसतात!"

"जोड पक्के होते माझे."

"जोड पक्के होते आणि माणूस गेला. तू मारलंस त्याला."

पत्र्याच्या आडोशामागे मिस्त्रीणबाई चहाचे दोन पेले घेऊन उभ्या होत्या. आत जावं की मागे फिरावं हे त्यांना कळेना. तेवढ्यात टेबलावर पकड ठेवल्याचा आवाज आला. आपटल्याचा नव्हे, अगदी हळू ठेवल्याचा. धाकटा दीर बाहेर आला, वहिनीच्या हातातल्या चहाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि चालू लागला. चहा थंड झाला तो झालाच.

दोघे भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. थोरल्याला सगळे डावरा मिस्त्री म्हणत, कारण तो जेवण सोडून सगळं डाव्या हाताने करायचा. जेवणाचा हात तेवढा आईने मारून मारून उजवा केला होता. "बाकीचं मारायला तिला वेळ नाही मिळाला," असं तो म्हणायचा.

हल्लीच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, प्रत्येकाची आपली एक डबी असते, आणि या सगळ्या डब्या एकमेकींशी बोलतात. बोलायला तारा मात्र दोनच, एकमेकींना पीळ घातलेल्या. लग्न झालं तेव्हा मिस्त्रीने बायकोला हे समजावून सांगितलं होतं. नव्या नवऱ्याने नवरीशी बोलायचा हा काही विषय नव्हे, पण त्याला दुसरा येत नव्हता.

"एक डबी बिघडून बडबडत सुटली की बाकीच्यांना तोंड उघडता येत नाही. गाडी ठप्प. मग एकेकीचा प्लग काढून बघायचं. जिला गप्प केल्यावर बाकीच्या बोलायला लागतात, ती चोर."

"म्हणजे सासूबाई," बाई म्हणाल्या. तेव्हापासून घरात त्या डबीला सासूबाईच म्हणायचे. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

पीळ कशासाठी, तर बाहेरची खरखर आत शिरू नये म्हणून. गाडी चालू झाली की हजार गोष्टी गुरगुरतात. पीळ असला की ती गुरगुर दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि बोलण्याला धक्का लागत नाही. पीळ सुटला की उभी गाडी शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर भलतंच करते. म्हणून जोड दिल्यावर मिस्त्री तारा पुन्हा पिळायचा, कंपनीपेक्षा घट्ट. कंपनीचा पीळ उजवीकडे जातो, त्याचा डावीकडे. शंभर गाड्यांत त्याचा हात ओळखू यायचा.

आणखी दोन सवयी होत्या. काम झालं की गाडी स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायची, आणि आतून काढलेला खराब तुकडा कागदात बांधून त्याच्या हातात ठेवायचा. वर म्हणायचं, "चालवून बघा, मग बोला." बस्स. आभार ऐकायलाही थांबायचा नाही.

ज्याच्यावरून भांडण झालं ती एका टॅक्सीवाल्याची गाडी. धाकट्याने तिच्या तारा जोडून दिल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात उताराच्या वळणावर ती भिंतीवर गेली आणि टॅक्सीवाला जागेवर गेला. मागून येणाऱ्याने सांगितलं की वळणाआधीच तिचे दिवे गेले होते. म्हणजे गाडी बंद पडली, स्टिअरिंग जड झालं, असं मिस्त्रीने धरलं. ती त्या जोडामुळेच बंद पडली की आणखी कशाने, हे कुणालाच सांगता आलं नसतं; गाडीचा पार चोळामोळा झाला होता. पण मिस्त्रीला सांगता आलं. त्याने सांगितलं.

धाकट्याने त्यानंतर तारेला हात लावला नाही. दोन गल्ल्या पलीकडे सीटकव्हर शिवायचं दुकान टाकलं. ज्याची बोटं मुंगीच्या पायाएवढ्या पिना सरळ करायची, तो रेग्झिनला टाके घालत बसला. भावाभावांचं बोलणं बंद. समोरासमोर आले तर एकजण रस्ता ओलांडायचा, आणि कुणी ओलांडायचा याचीसुद्धा जणू पाळी लागलेली होती.

"शब्द परत घ्या हो," बाई म्हणत.

"शब्द म्हणजे काय प्लग आहे, ओढला की निघाला?"

वर्षं गेली. मिस्त्रीच्या छातीत सोल्डरचा धूर बसला, की आणखी काही, पण डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि मिस्त्रीऐवजी बाईंकडे बघून बोलायला लागले. बाई समजल्या. घरी येताना मिस्त्री म्हणाला, "मला सोडून तुझ्याशी बोलत होता. म्हणजे माझी लाइन तोडली त्याने." त्या हसल्या, आणि मग रस्ताभर पदराने नाक पुसत आल्या.

आता त्यांना एकच घोर लागला. हा माणूस जाणार, ते ठरलं. पण तो शब्द तसाच मागे ठेवून गेला, तर धाकटा उरलेला जन्म त्याच्याखाली काढणार.

अशात एका दुपारी धाकटी जाऊ गाडी घेऊन दारात आली.

"ताई, यांना कळू देऊ नका. सीटची कव्हरं गिऱ्हाइकाला दाखवायला नेते म्हणून सांगून आलेय. वळणावर बंद पडते हो ही. काल ट्रकसमोर बंद पडली. तिघांना दाखवली, तिघांनी तीन डब्या बदलल्या."

"आणि भावजी?"

"ते बॉनेट उघडतात, बघतात, लावतात."

मिस्त्री आतून ऐकत होता. भिंत धरत बाहेर आला. "किल्ली दे," म्हणाला. "आणि तू घरी चालत जा. विचारलं तर बंद पडली म्हण."

स्कॅनर लावला तर सगळ्या डब्या पोपटासारख्या बोलत होत्या. उभी गाडी, शहाणी. मग त्याने बॅटरी सोडवली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मीटर जोडलं आणि ते बाईंच्या हातात दिलं. त्याला आता वाकून आकडा वाचायचा दम नव्हता.

"या दोन तारांच्या दोन टोकांना एकेक राखणदार असतो. दोघे जागेवर असले तर मीटरवर साठ. मधे तार तुटून एक पलीकडे राहिला तर एकशे वीस. मी तारा हलवतो. तू नुसतं बोलत राहा."

तो दाराच्या उंबऱ्याशी आडवा झाला, मॅट उचकटून हात आत घातला. थोडं हलवायचा, खोकायचा, पुन्हा हलवायचा.

"साठ," बाई म्हणत होत्या. "साठ. साठ. अहो, पाणी देऊ का? साठ. साठ… एकशे वीस!"

"पुन्हा बघ."

"साठ. एकशे वीस. साठ."

"सापडला," तो म्हणाला. "थांब, जोड आहे इथे कुणाचा तरी. बघूया कुठल्या गाढवाने…"

टेप सोलल्याचा आवाज आला आणि थांबला.

बाई मीटर धरून तशाच उभ्या. मग त्यांनी वाकून पाहिलं. काळी टेप सोलून त्याने जोड उघडा केला होता. आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली, एक तार नुसती टेकलेली. आणि दोन्ही बाजूंना सुरेख, घट्ट पीळ. डावीकडे जाणारा.

"भांडणाआधी त्याने ही गाडी घेतली तेव्हा उंदरांनी तारा खाल्ल्या होत्या," तो म्हणाला. "मीच जोडल्या. वर तापवली की आवळते ती नळी चढवायला हवी होती, मी टेप मारली. पाणी मुरलं."

"होतं असं," बाई म्हणाल्या.

"होतं ना? पीळ असून होतं. काल ट्रकसमोर ती गेली असती, तर लोकांनी मला काय म्हटलं असतं?" त्याने दम घेतला. "लोकांचं जाऊ दे. त्या टॅक्सीचं काय झालं ते मला माहीत नव्हतं गं. तेव्हाही नव्हतं."

त्याने जोड कापून काढला, नवी तार घातली, नळी चढवून गरम केली, पिळली. बोटं थांबत थांबत चालत होती. बाईंनी पाहिलं, या वेळी पीळ उजवीकडे होता, कंपनीसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्टाची बटणं लावून तयार. त्यानंतर त्याने कुणाची किल्ली हातात घेतली नाही, तेव्हा हे त्याचं शेवटचंच काम, पण त्या सकाळी ते तसं वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, "जाऊबाईला बोलावते, ती नेईल." तो म्हणाला, "गाडी कधी कुणी इथून नेलीय?" मग त्या मुकाट्याने शेजारी बसल्या. वळणावर त्यांनी डोळे मिटले. गाडी वळली.

धाकटा दुकानात खाली बसून शिवत होता. आपली गाडी भाऊ चालवत आणतोय हे पाहून तो उठला, पण पुढे आला नाही. मिस्त्रीने गल्ल्यावर किल्ली ठेवली. खिशातून कागदाची पुडी काढली आणि नेहमीसारखी गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

धाकट्याने पुडी सोडली. हिरवा तुकडा तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताच्या बोटाने पीळ चाचपला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. त्याने वर पाहिलं. त्याच्या ओठांत सुई होती, ती काढायचं त्याला सुचलं नाही.

"साठ येतंय," मिस्त्री म्हणाला. मग खोकल्याने त्याला घेरलं. दाराची चौकट धरून तो उभा राहिला, खोकला ओसरू दिला, तोंड पुसलं.

"चालवून बघ," तो म्हणाला, "मग बोल."

आणि न थांबता बाईंचा हात धरून पायरी उतरला.