बंदुकीचा आकडा

नगरच्या त्या बंदूक दुरुस्तीवाल्याला मी एकदाच भेटलो. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. कोल्हारजवळच्या आमच्या उसात रानडुक्कर शिरलं होतं. माझा पहिला बार चुकला. दुसऱ्या बारासाठी रिकामं काडतूस बाहेर पडायला हवं, ते आतच अडकलं. तेवढ्यात डुकरानं शेजारी उभ्या गड्याची मांडी फाडली. बंदुकीनं दगा दिला, असं मी गावभर सांगितलं आणि ती घेऊन नगर गाठलं.

दुरुस्तीवाला साठीचा, बारीक अंगाचा. बोलण्याआधी दरवेळी चष्मा पुसायचा. काडतूस ओढणारा आकडा त्यानं नखानं चाचपला. मग खोटं काडतूस घालून नळीखालची मूठ खाडकन मागं ओढली. काडतूस बाहेर पडलं. दहादा ओढली, दहादा पडलं.

“आता तुमी ओढा.”

मी ओढली. काडतूस अडकलं.

त्यानं चष्मा पुसला. “तुमी भीत भीत ओढता. मूठ पार मागं जात न्हाई. अर्धं ओढलं की अर्धंच येनार.”

“मग दुरुस्ती?”

“बंदुकीत काय दोष न्हाई.” नळीला तेल लावत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “गावात आकडा झिजला हुता म्हना. बंदूक काय बोलनार न्हाई.”

इतक्या सभ्यपणे माझी लाज कुणी झाकली नव्हती.

गावी मी तसंच सांगितलं. गड्यालाही. अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला, “व्हय मालक, लोखंडच ते. झिजनारच.”