दोन ते साडेतीन

आमच्या खोलीत कॉम्प्युटर माझा होता आणि हात मित्राचे. अकोल्याला जठारपेठेत एका घराच्या माडीवर आम्ही दोघं कॉलेजसाठी राहायचो. माझ्या मास्तर वडिलांनी तो कॉम्प्युटर अभ्यासाला म्हणून घेऊन दिला होता आणि आम्ही त्यावर अभ्यास सोडून सगळं केलं. मित्र वलगावकडचा, कपाशीवाल्या घरचा. त्याला इंग्रजीचा कंटाळा, आणि मी खेळातल्या लढाईत पहिल्याच मिनिटाला मरणारा. त्यामुळे माउस तो धरायचा आणि मी शेजारी बसून पडद्यावरचं वाचून त्याला वऱ्हाडीत सांगायचो.

खेळ गोष्टीचा होता. एक भटका योद्धा गावोगाव फिरतो, प्रत्येक गावात कुणीतरी अडलेलं असतं, आणि दर वेळी खाली तीन-चार उत्तरं येतात. आपण निवडू त्याप्रमाणे पुढची गोष्ट वळते. बरोबर काय, चूक काय, हे खेळ सांगत नसे. त्यावरून आमची तासन्‌तास हुज्जत चालायची.

एकदा एका म्हातारीनं आमच्या योद्ध्याला विचारलं, माझा मुलगा कुठे दिसला का? तो खाणीत मेलेला आम्ही स्वतः पाहिला होता. आता तिला खरं सांगायचं, की तो दूरदेशी गेला म्हणायचं?

"खरं सांगू तिले," मित्र म्हणाला.

"कावून बिचारीचा जीव घेतो? राहू दे दोन दिवस सुखात."

खेळ सेव्ह करून आम्ही दोन्ही करून पाहिलं. खोटं सांगितल्यावर ती हसत घरी गेली आणि जाताना आम्हाला एक घोंगडी दिली. खरं सांगितल्यावर तिथंच मटकन खाली बसली. मित्रानं घोंगडीवर पाणी सोडलं आणि खरंच कायम ठेवलं. मी त्याला आठवडाभर साधुमहाराज म्हणून चिडवलं. माझ्या दयाळूपणावर मी तेव्हा फार खूश होतो.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर कुणी सरळ देत नाही. "सिरीयस आहेत, निघा," एवढंच म्हणतात. माणूस वाटेत मोडून पडू नये, घरी चार जणांच्या हाताशी आल्यावर कळावं, एवढाच हेतू. त्या वर्षांत वऱ्हाडात असे फोन फार यायचे. कुणाच्या घरी, कशामुळे, हे कुणी विचारत नसे. आमच्याच वर्गातल्या दोघांना असं बोलावणं आलं होतं आणि दोघंही पोचले ते थेट तिरडीपाशी.

भाद्रपदातली ती दुपार. खेळ शेवटाला आला होता, मित्र किल्ल्याच्या दारात लढत होता. खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, त्याच्यासाठी फोन आहे म्हणून. त्याला उठवत नव्हतं, म्हणून मी गेलो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. फोनवर त्याचे काका होते.

"त्याले सांग, बाबा सिरीयस हायेत. फवारनी करता करता पडले. अमरावतीले दवाखान्यात आनलं. बोलून राहिले, त्याचंच नाव घेऊन राहिले. पहिल्या गाडीनं निंघा म्हना."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्याचे बाबा गेले, याबद्दल मला तिळभर शंका आली नाही. उलट वाटलं, काकांनी खोटं किती छान निभावलं, नाव घेतात म्हणाले.

जिना चढताना मी ठरवलं की इतक्यात सांगायचं नाही. आता घाई कसली? बापाचं छत्र गेलेल्या पोराला आणखी थोडा वेळ हसू द्यावं. मी शेजारी बसलो. "कोनाचा फोन?" त्यानं पडद्यावरून नजर न हलवता विचारलं. "कट झाला," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य वाचून दाखवलं. त्या दुपारी मी फार छान वाचलं, सगळ्यांचे आवाज काढून. त्याला हसवलं. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही: मलाही खेळाचा शेवट बघायचा होता, आणि त्याच्या हातांशिवाय मला तो दिसला नसता.

खेळ संपला तेव्हा साडेतीन वाजले होते. मग मी खाली जाऊन आलो आणि सांगितलं, आत्ताच पुन्हा फोन आला होता, बाबा सिरीयस आहेत, अमरावतीच्या दवाखान्यात. तो उठला, तोंडावर पाणी मारलं, दोरीवरचा शर्ट ओला म्हणून पेटीतला दुसरा शोधत बसला. दहा मिनिटं गेली असतील. आम्ही स्टँडवर पोचलो तर अमरावतीची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. दुसरी अर्ध्या तासानं मिळाली. वाटभर तो खिडकीबाहेर बघत होता, आणि मी दारापुढच्या गर्दीसमोर त्याला कसं सावरायचं याची मनात तयारी करत होतो.

दवाखान्यापुढे गर्दी नव्हती. वॉर्डात त्याची आई खाटेशी बसलेली. बाबांच्या अंगावर चादर होती, तोंड अजून झाकलेलं नव्हतं. "आत्ता गेले रे," आई म्हणाली. "पाव घंटाबी नाई झाला. दारातून कोनी आलं का मान उचलून पाहत. म्हनत, तो आला का?"

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मित्राच्या काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पोराला सोबत घेऊन आलो म्हणून. त्या हाताखालून सरकायचीही मला लाज वाटली.

आता तो वलगावातच शेती करतो. मी वर्षातून एकदा जातो, त्याची बायको भरीत-भाकरी करते. मागच्या खेपेला तो हातपाय धुवायला मागे गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी समजवा न याहिले. बाहेर जाचं असलं का अंगावर जसे असतीन तश्या कपड्यानं निंघतात. लग्नातबी तसेच. म्हनतात, त्या दिवशी शर्ट पाहत बसलो नसतो तं बाबा भेटले असते."

तो पंच्याने तोंड पुसत आला आणि माझ्या समोर जेवायला बसला. शेतात घातलेला मळका सदरा तसाच अंगावर. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "एवढं मनाला नको लावून घेऊ, दहा मिनिटानं का होते?"

"होते," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.