न वाजलेला पंप

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो ते काकांच्या हाताखाली. नात्याने ते माझे कुणी नव्हेत. संगमेश्वरकडचे, चोवीस वर्षं त्याच गॅरेजात. बॉनेट उघडलं की मला शेजारी उभं करायचे आणि म्हणायचे, "ऐक जरा. काय वाटतं?" मी सांगायचो, बेल्ट किरकिरतोय, रिले टकटकतोय. ते मान डोलवायचे. परीक्षा घेतायत असं समजून मी जीव लावून ऐकायचो.

एका जानेवारीत एक मराठी इंजिनिअर आपली डिझेल गाडी घेऊन आले. युरोपात परत निघालेल्या कुटुंबाकडून त्यांनी ती विकत घेतली होती. इंजिन बंद असतानाही गाडी उबदार ठेवणारा एक वेगळा हीटर तिच्यात होता. टाकीतलंच थोडं डिझेल जाळून तो आतली हवा तापवतो. आमच्याकडे त्याला कोण हात लावतो! पण इंजिनिअरना आईला घेऊन जबल जैसवर मुक्कामाला जायचं होतं, आणि डोंगरावर थंडी असते. हीटर लावला की पंखा फिरायचा, दोन-तीन मिनिटं खटपट व्हायची आणि सगळं बंद.

त्या दिवशी मी दुसऱ्या गाडीखाली होतो. काकांनी एकट्यानेच तपासलं. स्कॅनर लावला तर त्यावर एवढंच आलं, की ज्योत पेटत नाही. का पेटत नाही, ते स्कॅनर सांगत नाही. काका म्हणाले, "डिझेलचा पंप वाजतोय. पेटवणारी पिन गेलीय." पिन मागवली, आठवड्याने आली, काकांनी बसवली. इंजिनिअर गाडी न्यायला आले, हीटर लावला आणि पुन्हा तेच.

फोरमन येऊन उभा राहिला. मी हीटरच्या धुराची बारीक नळी बघितली. डिझेल येऊन पेटत नसेल तर तिथून पांढरा धूर यायला हवा. धुराचा पत्ता नव्हता. खाली आडवा होऊन टाकीपाशी कान दिला. चालू पंपाची टिकटिक नाही. पंपाच्या प्लगला मीटर लावला, तर करंट येत होता. म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहून पंपच आतून जाम झाला होता.

"काका, पंप वाजतच नाहीये!" मी मोठ्याने म्हणालो. फॉल्ट सापडल्याच्या आनंदात.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "हो ना," ते म्हणाले, "म्हणूनच तर पिन बदलली."

काका फडकं घेऊन पाना पुसायला वळले. फोरमनने त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "चाचा!" मग पुन्हा, जोरात. काका पुसतच राहिले.

"इनको सुनाई नहीं देता क्या? कब से?" फोरमनने मला विचारलं. मग मला त्यांचं रोजचं "ऐक जरा" आठवलं. ती परीक्षा नव्हतीच.

मी नवा पंप बसवला. गाडीत गरम हवा आली, इंजिनिअर आभार मानून गेले.

संध्याकाळी खोलीवर काका माझ्यासमोर येऊन बसले, माझे ओठ दिसतील असे. "दोन वर्षं झाली," म्हणाले. "ऐकायचास तू, निदान करायचो मी. चाललं असतं अजून थोडं. धाकटीचं कॉलेज संपेपर्यंत."

"मला सांगायचं ना काका."

"सांगून काय? तू काय कान देणार होतास?" ते हसले. मला हसता आलं नाही. मी तेच हळू आवाजात, बाजूला घेऊन बोललो असतो तर?

त्यांचा व्हिसा पुढे वाढला नाही. फोरमन वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून सांगितलं होतं, खलास. दोन महिन्यांनी मीच त्यांना एअरपोर्टवर सोडलं. आपला मीटर त्यांनी मला दिला.

गेल्या महिन्यात त्यांना फोन लावला. त्यांनीच उचलला.

"काका, त्या दिवशी माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

"हो हो, जेवलो," ते आनंदाने म्हणाले. "तू जेवलास ना?"

मग काकूंनी फोन घेतला. "त्यांना काही कळत नाही रे फोनवर. मी सांगू का काही?"

"नको काकू," मी म्हणालो. "सहजच केला होता."